कॅमेऱ्याला दिसतंय, पण हाताला सापडत नाही

खटपट्या

नमस्कार मंडळी. सुट्टीत घरी एक छोटा रोबॉट-हात जोडलाय. सहा मोटरी, पुढे दोन बोटांचा ग्रिपर. टेबलाच्या वर स्टँडला साधा वेबकॅम, भिंग सरळ खाली. काम एवढंच, की टेबलावर पसरलेली बाटल्यांची झाकणं एकेक उचलून डब्यात टाकायची.

बघण्याचा भाग दोन संध्याकाळींत उरकला. पायथॉन, ओपनसीव्ही (चित्रांवर काम करणारी तयार लायब्ररी), रंगावरून झाकण वेगळं काढायचं, त्याचा मध्य शोधायचा. स्क्रीनवर प्रत्येक झाकणाभोवती हिरवं वर्तुळ इतकं चपखल बसतं की बघत राहावं. मग हात डौलात खाली येतो आणि झाकणाच्या शेजारी टेबलाला चिमटा काढतो. गेले दहा दिवस हेच चाललंय.

कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची मापं जुळवणं, केलंय. २५ मिमी चौकोनांचा चेकरबोर्ड छापला, वीसेक फोटो काढले, सरासरी चूक ०.३ पिक्सेल आली. सगळीकडे वाचलं की हे उत्तम. नंतर तोच बोर्ड टेबलावर ठेवला, त्याचा एक कोपरा शून्य धरला आणि ग्रिपरचं टोक तिथे टेकवून रोबॉटलाही तोच शून्य दिला. कॅमेऱ्याची उंची सॉफ्टवेअर ९३ सेंमी सांगतं, टेपने ९० भरते, पण टेप मीच वाकडा धरला असेन.

प्रश्न दोन. माझं काय चुकतंय? आणि एकूणच रोबॉटिक्समध्ये लोक कंप्युटर व्हिजन नक्की वापरतात कसं? व्हिडिओंमध्ये बघावं तर वस्तूभोवती चौकोन, वर नाव, शेजारी ९८ टक्के, संपला व्हिडिओ. त्या चौकोनापासून हातापर्यंतचा रस्ता कोणीच दाखवत नाही.

बोलभांड

माझाही हाच त्रास आहे. चष्मा दिसतो, सापडत नाही. डोक्यावर असतो.

पिक्सेलपंत

रंगावरून झाकण? कुठल्या जमान्यात आहात! उजेड जरा बदलला की सगळं कोलमडणार. दोन-तीनशे फोटो काढा, खुणा करा, योलो हे वस्तू ओळखणारं मॉडेल ट्रेन करा. एका रात्रीचं काम.

जुना_भिंगवाला

पंत, पेशंट म्हणतोय पाय दुखतो आणि तुम्ही चष्म्याचा नंबर काढताय. त्याला झाकण दिसतंय. वर्तुळ चपखल बसतंय. योलो लावलं तर तोच चुकीचा चिमटा जास्त आत्मविश्वासाने निघेल.

पण उजेडाचं म्हणाल तर ते सोळा आणे खरं. माझी हयात कारखान्यात कॅमेरे बसवण्यात गेली. एकदा चकचकीत लोखंडी रिंगा उचलणारा रोबॉट होता. सकाळी नीट चालायचा, दुपारी तीननंतर रिंगाच हरवायच्या. आम्ही तीन दिवस थ्रेशोल्ड (किती उजळ म्हणजे वस्तू, ती मर्यादा) वरखाली करत बसलो. चौथ्या दिवशी साफसफाईला आलेल्या माणसाने विचारलं, "हे ऊन रोज असंच येतं का आत?" वरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी बरोब्बर ट्रेवर सरकत यायची. पत्रा ठोकला, काम झालं. सॉफ्टवेअरमधली एक ओळही बदलली नाही.

तेव्हापासून आधी दिवा, मग भिंग, मग कॅमेरा, सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. चकचकीत वस्तूला समोरून टॉर्च मारू नये, घुमटासारखा पसरट उजेड द्यावा. नुसती बाह्यरेषा हवी असेल तर दिवा वस्तूच्या मागे ठेवावा. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. एक्सपोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवलं की फ्रेमागणिक उजेड नाचत नाही.

नवखा_गडी

काका, वाचनखूण साठवली. दिव्याबद्दल इतकं कुठल्याच कोर्समध्ये नव्हतं.

आठवा_सांधा

खटपट्या, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून येतो, पहिला त्यातच अडकलाय.

फोटोतला एक पिक्सेल म्हणजे जागा नव्हे, दिशा. भिंगातून निघालेली एक सरळ रेघ. त्या रेघेवर वस्तू हातभर लांब आहे की दहा हात, हे एकट्या पिक्सेलला माहीतच नसतं. म्हणजे "झाकण कुठे दिसतं" आणि "झाकण कुठे आहे" यांच्यामध्ये एक आख्खा आकडा गहाळ आहे. रोबॉटिक्समधलं व्हिजन बरंचसं हा गहाळ आकडा मिळवण्यासाठी चालतं. चौकोन काढणं ही पहिली पायरी.

मिळवायचे मार्ग अनेक. तुमच्यासारखं "सगळं टेबलावरच आहे" असं गृहीत धरायचं आणि रेघ टेबलाला जिथे छेदते तो बिंदू घ्यायचा. दोन कॅमेरे लावायचे आणि एकच वस्तू दोघांना किती सरकून दिसते त्यावरून अंतर काढायचं. यात मेख अशी, की अंतर दुप्पट झालं की चूक चौपट होते. किंवा अदृश्य ठिपक्यांची नक्षी फेकून ती कशी वाकते ते बघायचं. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये किनेक्ट नावाचा कॅमेरा आला तो व्हिडिओ गेम खेळण्यासाठी, पण प्रयोगशाळांनी तो लगोलग रोबॉटवर चढवला, कारण खोली, म्हणजे वस्तूचं अंतर, मोजणारा कॅमेरा तोवर इतका स्वस्त कधी मिळालाच नव्हता. किंवा प्रकाश जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजायचा. आणि वस्तूवर खूण चिकटवायची मुभा असेल तर एप्रिलटॅगसारखा काळा-पांढरा ठसा लावायचा. त्याची मापं आधीच ठाऊक असल्याने एकाच कॅमेऱ्यातून जागा आणि कल दोन्ही निघतात. स्पॉट नावाचा तो चार पायांचा रोबॉट चार्जिंगच्या चौथऱ्यावर जाऊन बसतो तो अशाच ठशाकडे बघून.

मग तो बिंदू कॅमेऱ्याच्या भाषेतून रोबॉटच्या भाषेत आणायचा. इथेही खड्डा आहे. आरओएस या रोबॉटसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये रोबॉटच्या अंगाला एक्स पुढे, वाय डावीकडे, झेड वर. कॅमेऱ्याच्या चौकटीत झेड पुढे, एक्स उजवीकडे, वाय खाली. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. या सांध्यावर किती रात्री गेल्या ते मोजलेलं नाही.

आता तुमचं. माझा संशय झाकणाच्या उंचीवर आहे. तुम्ही टेबलाची पातळी धरलीय, पण कॅमेरा बघतोय झाकणाचा माथा. कॅमेऱ्याच्या बरोबर खाली फरक पडत नाही, कडेला गेलं की माथा बाहेरच्या बाजूला ढकललेला दिसतो. झाकण किती उंच आहे?

खटपट्या

२० मिमी. मोठ्या तोंडाच्या बाटल्यांची आहेत.

आठवा_सांधा

मग कॅमेऱ्याच्या पायथ्यापासून २०० मिमी कडेला २०० गुणिले २०, भागिले ८८०. साधारण साडेचार मिमी. हीच चूक असणार.

गणिताची_बाई

असणार म्हणून कसं चालेल? खटपट्या, आधी हे सांगा, की चूक सगळीकडे सारखी आहे, की जागेप्रमाणे बदलते? शून्याचा कोपरा, मधोमध आणि समोरचा लांबचा कोपरा अशा तीन ठिकाणी झाकण ठेवा. ग्रिपर किती चुकला आणि कुठल्या बाजूला, ते पट्टीने मोजून लिहा. "शेजारी चिमटा काढतो" हे वर्णन झालं, मोजमाप नाही.

बोलभांड

बाईंनी पट्टी काढली. सगळ्यांनी हात पुढे करा.

रातकिडा

खटपट्याचं मोजून होईपर्यंत थोडं अवांतर. मी ड्रोनवर काम करतो. तिथे वस्तू जागच्या जागी असते, आपणच पळत असतो. फ्रेम कॅमेऱ्यातून निघून, केबलमधून येऊन, उलगडून, प्रोग्रामने वाचेपर्यंत समजा १०० मिलिसेकंद गेले. सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारा रोबॉट तेवढ्यात १० सेंमी पुढे गेलेला असतो. म्हणजे आपण आत्ताचं नव्हे, मघाचं जग बघून निर्णय घेतो. म्हणून प्रत्येक फ्रेमवर ती टिपल्याची वेळ असावीच लागते, आणि ती खरी असावी लागते.

याचं सगळ्यात भारी उदाहरण मंगळावरचं आहे. इंजेन्युइटी हे नासाचं इवलं हेलिकॉप्टर खाली बघणाऱ्या काळ्या-पांढऱ्या कॅमेऱ्यावर उडायचं. सेकंदाला ३० फ्रेम, जमिनीवरचे दगड-खडे कसे सरकतात त्यावरून आपली चाल ओळखायची. २२ मे २०२१ च्या सहाव्या उड्डाणात, सुमारे ५४ सेकंदांनी, एक फ्रेम गळाली. फक्त एक. पण तिच्यामुळे पुढच्या सगळ्या फ्रेमवर चुकीची वेळ पडत गेली. यंत्राला वाटायचं आपण भलत्याच ठिकाणी आहोत, ते सावरायला जायचं, परत सावरायचं. २० अंशांपेक्षा जास्त झोकांड्या खात ते उडत राहिलं आणि तरीही नीट उतरलं. एक कारण असं, की उतरण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याचं ऐकायचंच नाही, हे बनवणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं होतं.

मला त्या निर्णयाचं फार कौतुक वाटतं. डोळा बनवणाऱ्यानेच डोळ्यावर कधी विश्वास ठेवू नये ते ठरवून ठेवलं.

मुकी_मैना

आणि शेवटही डोळ्यामुळेच झाला ना त्याचा? ७२ वं उड्डाण, १८ जानेवारी २०२४. खाली नुसती सपाट वाळू, कॅमेऱ्याला पकडायला ना दगड ना खडा. आपण किती वेगाने सरकतोय हेच कळेना आणि उतरताना पाती मोडली.

रातकिडा

हो. ठरवली होती पाच उड्डाणं, झाली ७२. पांढरी भिंत, गुळगुळीत फरशी, वाळू, शांत पाणी, सगळं आमच्या धंद्यातलं अमावास्येचं पान आहे. उजेड असतो, फोटो स्वच्छ येतो, पण त्यात धरायला काही नसतं.

जुनी_वही

अवांतरात भर. हे सगळं किती जुनं आहे याची गंमत वाटते. १९६६ मध्ये एमआयटीत सीमोर पॅपर्ट यांनी विद्यार्थ्यांना उन्हाळी प्रकल्प दिला होता: कॅमेऱ्याच्या चित्रातून वस्तू ओळखणारी यंत्रणा उभारा. एका उन्हाळ्यात! त्याच वर्षी एसआरआय या संशोधन संस्थेत शेकी रोबॉटचं काम सुरू झालं, ते १९७२ पर्यंत चाललं. आज आपण चित्रात रेषा शोधायला हफ ट्रान्सफॉर्म वापरतो, तिचं आत्ताचं रूप डूडा आणि हार्ट यांनी त्याच संस्थेतून १९७२ मध्ये मांडलं.

माझी आवडती मात्र हॅन्स मोराव्हेक यांची स्टॅनफर्ड कार्ट. १९७९ मध्ये खुर्च्यांनी भरलेली एक खोली तिने कोणाच्या मदतीशिवाय ओलांडली. लागले सुमारे पाच तास. मीटरभर सरकायचं, थांबायचं, फोटो काढायचे, दहा-पंधरा मिनिटं विचार करायचा, मग पुढचा मीटर.

बोलभांड

माझा एक सहकारी असाच आहे. फक्त मीटरभर सरकत नाही.

पिक्सेलपंत

इतिहास छान आहे हो, पण आता काळ बदललाय. २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने आरटी-२ दाखवलं. कॅमेऱ्याचं चित्र आणि साध्या भाषेतली आज्ञा आत, हाताची हालचाल बाहेर. मधे चेकरबोर्ड नाही, चौकटी नाहीत, भूमिती नाही. आणखी काही वर्षांनी हा धागा वाचून लोक हसतील.

आठवा_सांधा

हसोत बापडे. दिशा मलाही पटते. अनोळखी वस्तू ओळखणं, घडी पडलेलं कापड उचलणं, असल्या कामांत जुनी भूमिती हात टेकते, शिकलेलं मॉडेल पुढे जातं. पण दिवसभर एकच खिळा एकाच भोकात मिलिमीटरच्या काही भागांइतक्या अचूकपणे घालायचा असेल तर मी अजून चेकरबोर्डच काढेन.

आणि मॉडेल हुशार असलं तरी वस्तू धरायची राहतेच. अ‍ॅमेझॉनची पिकिंग स्पर्धा आठवा. फडताळातून सांगितलेली वस्तू काढायची, बस. २०१५ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाचा संघ जिंकला, त्यांच्या हाताच्या टोकाला बोटं नव्हती, व्हॅक्यूम क्लीनरची नळी होती. ओढून धरायचं म्हटलं की वस्तूचा नेमका कल कळायची गरज पुष्कळ कमी होते. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा कार्टमन जिंकला, तोही नेहमीच्या हातासारखा नव्हता. वरून सरळ रेषेत सरकणारा सांगाडा. ओळखायचं डीप लर्निंगने, पण हालचाल इतकी साधी की चुकायला जागाच कमी.

पिक्सेलपंत

म्हणजे ओळखायला डीप लर्निंग लागलंच ना! तेवढंच म्हणतोय.

आठवा_सांधा

लागलं. नाही कोण म्हणतंय?

मुकी_मैना

दोघांनाही एक गृहपाठ देते. काचेची बाटली उचलून दाखवा. आमच्याकडे पारदर्शक डब्या होत्या. खोली मोजणाऱ्या कॅमेऱ्यात डबीच्या जागी भोक दिसायचं, किंवा सरळ मागचा ट्रे. उजेड काचेतून आरपार जातो आणि तो बिचारा मागच्या पृष्ठभागाचं अंतर प्रामाणिकपणे सांगतो. शेवटी आम्ही खोलीचा नाद सोडला, ट्रेच्या खाली दिवा लावला आणि साध्या कॅमेऱ्याने डब्यांच्या काळ्या कडा धरल्या. भिंगवाले काकांची पोस्ट तेव्हा मिळाली असती तर दोन आठवडे वाचले असते.

जुना_भिंगवाला

😊

नवखा_गडी

एक बावळट प्रश्न. माझ्या रोबॉटला लाल चेंडूच्या मागे जायला सांगितलं तर तो निळ्या बादलीकडे जातो. मॉडेल बदलून पाहिलं, कॅमेरा बदलून पाहिला.

मुकी_मैना

ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल या क्रमाने वाचतं. तुमचं मॉडेल लाल-हिरवा-निळा मागत असणार. मधे एक ओळ घाला, क्रम उलटा करा.

नवखा_गडी

झालं!! तीन आठवडे!! ताई, दंडवत.

बोलभांड

बादलीची समजूत कोण काढणार आता?

सावध_पाऊल

या उत्साहात एक सांगून ठेवते, धाग्यात घरी हात जोडणारे दिसले म्हणून. "माणूस दिसला की थांब" हे वेबकॅम आणि योलोवर सोपवू नका. औद्योगिक ठिकाणी त्यासाठी सुरक्षेचं प्रमाणपत्र असलेले लेझर स्कॅनर किंवा प्रकाशपडदे असतात, आणि ते बिघडले तर यंत्र आपोआप थांबेल अशीच त्यांची जोडणी असते. साधा कॅमेरा गोठला तर शेवटचं चित्र दाखवत राहतो, आणि त्या चित्रात माणूस नसतो. आपत्कालीन बटण हाताशी ठेवा, मोटरींची ताकद कमी ठेवा.

खटपट्या

आलो. ताई, बटण आहे, मोटरीही अशक्त आहेत, चिमटा फक्त टेबलालाच बसतो.

मोजलं. शून्याकडची बाजू "अलीकडे", त्याच्या उलट "पलीकडे" असं धरून:

शून्याच्या कोपऱ्याशी ४ ते ५ मिमी अलीकडे. मधोमध ६ ते ७ मिमी पलीकडे. लांबचा कोपरा शून्यापासून ४०० मिमीवर आहे, तिथे १७ ते १८ मिमी पलीकडे. तिन्ही ठिकाणी पाच-पाच वेळा करून पाहिलं, आकडे फारसे हलत नाहीत. कॅमेरा बरोबर मधल्या जागेच्या वर आहे.

आठवा_सांधा

अरेच्चा. मग एकटी उंची नाही. उंचीमुळे कॅमेऱ्याच्या खाली, म्हणजे मधोमध, चूक शून्य यायला हवी. तिथे सहा-सात कशी?

गणिताची_बाई

आणि शून्याचा कोपरा तर यांनी स्वतः टोक टेकवून जुळवलाय, तिथेही चूक आहे, तीही उलट दिशेने. एकच कारण असतं तर आकड्यांनी असा पक्ष बदलला नसता. दोन चुका आहेत, एकमेकींत मिसळलेल्या. वेगळ्या करू. झाकणाच्याच रंगाच्या कागदाची चकती कापा आणि तिन्ही जागी सपाट ठेवा. चकतीला उंची नाही, म्हणजे उंचीची चूक बाद. उरेल ती दुसरी.

खटपट्या

केलं. चकतीला शून्याशी ०, मधोमध ६-७, लांब १३. सगळं पलीकडे.

गणिताची_बाई

काय सुरेख आकडे आहेत! शून्यापासून जितकं लांब तितकी चूक, अगदी प्रमाणात. ४०० मध्ये १३ म्हणजे तीन टक्क्यांच्या थोडं वर. आणि झाकणाच्या आकड्यांतून हे वजा केलं की उरतात साडेचार अलीकडे, शून्य, साडेचार पलीकडे. सांधा म्हणतात ती उंची, तंतोतंत.

आता तीन टक्के कुठून आले? सगळ्यांनी पहिली पोस्ट परत वाचा. सॉफ्टवेअर म्हणतं कॅमेरा ९३ सेंमीवर, टेप म्हणतो ९०. ९३ भागिले ९०. तेच प्रमाण. खटपट्या, टेप तुम्ही सरळच धरला होता. तुमच्या सॉफ्टवेअरचं जगच तीन टक्क्यांनी मोठं आहे. त्याला मिलिमीटर कुणी शिकवला? चेकरबोर्डाने. जा आणि छापलेले चौकोन मोजा. एक नको, दहा चौकोन एकत्र मोजा.

पिक्सेलपंत

पण बाई, कॅलिब्रेशनची चूक ०.३ पिक्सेल आलीय. बोर्ड चुकीचा असता तर तिथेच दिसलं नसतं का?

गणिताची_बाई

नसतं दिसलं, हीच तर खोच आहे. तो आकडा एवढंच सांगतो, की मॉडेलने सांगितलेल्या जागी कोपरे फोटोत दिसतात का. जवळचा लहान बोर्ड आणि थोडा लांबचा, त्याच प्रमाणात मोठा बोर्ड, दोघांचा फोटो हुबेहूब सारखाच येतो. चंद्र आणि सूर्य आकाशात एवढेच दिसतात ना, तसं. त्यामुळे पिक्सेल सगळे बरोबर आणि मिलिमीटर सगळे चूक, असं खुशाल होऊ शकतं. झांग यांची २००० सालची पद्धत, म्हणजे हीच सगळे वापरतात ती चेकरबोर्डाची, भिंगाचा स्वभाव फोटोंतून काढते, पण चौकोनाचं माप ती तुमच्याकडून ऐकून घेते. तुम्ही २५ म्हणालात, तिने २५ मानलं.

खटपट्या

दहा चौकोन: २४२ मिमी.

खटपट्या

२५० हवे होते. प्रिंटरच्या खिडकीत "पानात बसवा" वर टिकमार्क होता. तो मी केला नव्हता, मुळातच होता. मी काढला नाही एवढंच.

बोलभांड

दहा दिवस रोबॉट बरोबर आणि प्रिंटर चूक. जगाची रीतच आहे.

जुना_भिंगवाला

कागदही साधाच असेल. ओल लागली की फुगतो, टेबलावर ठेवला की कडा उचलतात. काचेला किंवा ताठ पत्र्याला चिकटवून ठेव. आमच्याकडे बोर्ड पेटीत कुलूपबंद असायचा आणि त्याला पहिला हात लावायचा मान माझा होता.

नवखा_गडी

मीही आत्ता माझा मोजला. माझाही २५ नाही. २४.३.

मुकी_मैना

मी मोजणार नाहीये. मला झोपायचंय.

खटपट्या

ताजी खबर. पुन्हा छापायचा कंटाळा केला, प्रोग्राममध्ये २५ च्या जागी २४.२ लिहिलं. उंची ९० सेंमी आली. चकती तिन्ही जागी मिलिमीटरच्या आसपास बसली. मग झाकणं ठेवली, तर बाई म्हणाल्या तसं दोन्ही कडांना साडेचार उरले, मध्ये काही नाही. रेघ टेबलाला न छेदता टेबलाच्या २० मिमी वरच्या पातळीला छेदायला लावली. एका ओळीचा बदल.

आणि पहिलं झाकण उचललं. मी खुर्चीतून उठलो तसा धक्का लागून स्टँड हलला, पुढची तीन चुकली. स्टँड आता टेबलाला स्क्रूने आवळलाय, बोर्ड ठेवून शून्य परत जुळवला. त्यानंतर वीसपैकी अठरा.

बाई, सांधादादा, भिंगवाले काका, सगळ्यांचे मनापासून आभार.

पिक्सेलपंत

अभिनंदन! उरलेली दोन का चुकली?

खटपट्या

ती काळी आहेत. माझी टेबलावरची मॅटही काळी आहे. दिसतच नाहीत.

पिक्सेलपंत

म्हणजे योलो...

जुना_भिंगवाला

मॅट बदल रे आधी. आणि दिव्याचा एक फोटो टाक इथे.